चिठ्ठी पहिल्या मालकाला, धोका तिसऱ्याला
(बी. ए. भाग २)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझे मामा नागपूरहून आले ते एक बातमी घेऊनच. संत्र्याच्या धंद्यात फिरायला त्यांना गाडी लागते, आणि आताची गाडी जुनी झाली म्हणून ते दुसरी बघत होते. ओसरीवर बसता बसताच ते म्हणाले, "हायब्रीड गाडी हाय म्हनते तो दलाल. पेट्रोलवर बी चालते अन् बॅटरीवर बी. सेकंडह्यांड हाय, पन चकाचक. तू कॉलेजात जातं ना पोरी? सांग बरं, घ्यावं का नाही?"

चुलीजवळून आजी म्हणाली, "हायब्रीडची भाकर खाल्ली आमी जन्मभर. आता हायब्रीडच्या गाडीत बसाचं होय?"

सगळे हसले, मीही हसले. आमच्या वऱ्हाडात हायब्रीड म्हणजे आधी ज्वारी, मग कपाशी. गाडीचा नंबर त्यानंतरचा. परंतु मामांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे बँकेचा कागद असो, खताच्या पिशवीवरचे बारीक अक्षर असो की दवाखान्याचा रिपोर्ट असो, तो माझ्यापुढे येतो. जे मला कळत नाही तेही मला कळते असे घरचे धरून चालतात! या विश्वासाचे मला ओझे वाटते आणि अभिमानही वाटतो. म्हणून मी मामांना म्हटले, "मामा, आठ दिवस थांबा. आधीच्या गाडीचं काय झालं ते इसरले का?"

ते काय झाले होते, हे सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ येणार नाही.

मामांनी आताची गाडी २०२२ मध्ये घेतली. साधी पेट्रोलची. पहिला मालक पुण्याचा, दुसरा नागपूरचा, तिसरे आमचे मामा. कंपनीचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण एका कंपनीशी भांडण्याचा हा लेख नाही. घेतल्यावर वर्षभर गाडी नीट चालली. मग ती मधूनच बंद पडू लागली. चालता चालता इंजिन गप्प होई आणि अर्ध्या तासाने जणू काही घडलेच नाही अशी सुरू होई. इथल्या मिस्त्रीने आधी प्लग बदलले, मग बॅटरी, मग वायरिंग. साडेअकरा हजार रुपये गेले. रोग मात्र राहिलाच. मिस्त्रीचा दोष नव्हता. त्याने आपल्या अनुभवाप्रमाणे प्रामाणिकपणे काम केले.

जुलै २०२४ मध्ये माझ्या थोरल्या बहिणीला रात्री कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी अमरावतीला न्यायला सांगितले. पाऊस कोसळत होता. मोर्शी-अमरावती रस्त्यावर, दोन्ही बाजूंना नुसती शेते आणि अंधार अशा ठिकाणी गाडी बंद पडली. मामा गाडी ढकलत होते, माय देवाचे नाव घेत होती, ताई मागच्या सीटवर कण्हत होती आणि मी मोबाइलचा उजेड धरून रस्त्यावर उभी होते. दोन वाहने न थांबता गेली. शेवटी एक दुधाची गाडी थांबली आणि त्या भल्या माणसाने आम्हाला दवाखान्यात पोहोचवले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. आज ती भाची घरभर पळते. पण त्या रस्त्यावरची ती पाऊण तासाची वेळ मी विसरू शकत नाही.

पुढे २४ डिसेंबरला आपल्या महाविद्यालयात ग्राहक दिनाचा कार्यक्रम झाला. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून हा दिवस पाळतात. बोलता बोलता वाणिज्य विभागाच्या सरांनी सांगितले, की गाडीचा सतरा अक्षर-अंकांचा चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला, तर त्या गाडीत कंपनीने मान्य केलेला एखादा दोष आहे का हे समजते. मी घरी येऊन आरसीवरचा नंबर पाहून पाहून टाकला. उत्तर आले: या गाडीचा इंधनाचा पंप बदलायचा बाकी आहे, तो कंपनी विनामूल्य बदलून देईल. ही घोषणा दोन वर्षांपूर्वीच झाली होती!

जानेवारीत अमरावतीच्या सर्व्हिस सेंटरवर अर्ध्या दिवसात पंप बदलून मिळाला. एक पैसा लागला नाही. तिथल्या बाईंनी मामांना विचारले, "तुम्हाला पत्र आले नव्हते का?" मामा माझ्याकडे पाहून म्हणाले, "आपल्याले कोन चिठ्ठी धाडते? ते तं पुन्याच्या मानसाले गेली असन."

मित्रहो, मामांच्या या एका वाक्यात माझ्या लेखाचा सगळा विषय आहे. कंपनीने दोष कबूल केला, फुकट दुरुस्तीही ठेवली. परंतु चिठ्ठी गेली पहिल्या मालकाला आणि धोका राहिला तिसऱ्याकडे. आपल्या मोर्शीत, वरूडला, अचलपूरला फिरणाऱ्या गाड्या जरा नजरेखालून घाला. त्यातल्या कितीतरी पुण्या-मुंबईत किंवा नागपुरात आपली उमेद घालवून मग इकडे आलेल्या असतात. शहराने वापरलेला फ्रीज, शहराने वापरलेला मोबाइल आणि शहराने वापरलेली गाडी, ही आपल्या प्रगतीची पायरी असते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु वस्तू आपल्यापर्यंत येते, आणि तिच्याविषयीची धोक्याची सूचना मात्र वाटेत कुठेतरी गळून पडते, हे बरोबर आहे काय?

दोष सापडलेल्या गाड्या कंपनीने परत बोलावून दुरुस्त करून देणे, याला रिकॉल म्हणतात. अमेरिकेत १९६५ साली राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाने मोटारींच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहिले, त्यावर रान उठले आणि १९६६ मध्ये तेथे मोटार सुरक्षिततेचा कायदा झाला. एका पुस्तकाने कायदा घडवला, ही गोष्ट कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी तरी ध्यानात ठेवावी. आपल्याकडे मात्र ही कल्पना फार उशिरा रुजली.

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. स्कूटरवर चौघे बसून जाणाऱ्या कुटुंबासाठी एक लाखाची गाडी, असा गाजावाजा होऊन टाटांची नॅनो २३ मार्च २००९ रोजी मुंबईत बाजारात आली. आमच्यासारख्या घरांनी तिच्याकडे फार आशेने पाहिले होते. मार्च २०१० मध्ये मुंबईत एका कुटुंबाची कोरी नॅनो शोरूममधून घरी येतानाच पेटली. सुदैवाने माणसे वाचली. आणखीही काही गाड्या पेटल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने विजेच्या आणि धूर बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेला जादा संरक्षण फुकट बसवून देण्याचे जाहीर केले. पण हा रिकॉल नव्हे, असेही आवर्जून सांगितले. त्या काळी रिकॉल हा शब्द कंपन्यांना शिवीसारखा वाटे. त्यांना तो शब्द वापरायला लावील असा कायदाही देशात नव्हता.

२०१२ साली मोटार उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेने पाळायची एक नियमावली केली. जुलै २०१३ मध्ये शेवरोले कंपनीने सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. त्या ठरलेल्या प्रमाणात बसत नव्हत्या असे कंपनीनेच कबूल केले. टवेरा म्हणजे आपल्याकडच्या खेड्यापाड्यांची गाडी! लग्नाचे वऱ्हाड तिच्यात बसले, सालबर्डीच्या यात्रेला माणसे तिच्यात गेली. २००५ पासून बनलेल्या गाड्या त्या घोषणेत होत्या. २०१३ पर्यंत त्या किती हातांतून गेल्या असतील! त्यांतल्या शेवटच्या हातापर्यंत ही बातमी कोणी पोहोचवली असेल, असे मला वाटत नाही. पुढे २०१७ मध्ये त्या कंपनीने भारतात गाड्या विकणेच थांबवले.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि ११० अ हे कलम आले. त्याचा अंमल १ एप्रिल २०२१ पासून सुरू झाला. गाडीतील दोषामुळे चालकाला, प्रवाशांना, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका असेल, तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकते. कंपनीने दुरुस्ती करावी, गाडी बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत, अशी तरतूद आहे. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत आहे. कंपनीने स्वतःहून दोष कळवून गाड्या बोलावल्या, तर मात्र तिला दंड नाही. मालकांनी तक्रार नोंदवावी म्हणून संकेतस्थळाचीही सोय ठेवली आहे. कायदा चांगला आहे. मात्र त्याचे नियम सात वर्षांच्या आतील गाड्यांपुरते आहेत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची आणि तिच्या दोषाची काळजी सात वर्षांची, हा हिशेब मला कळला नाही. अमेरिकेत पंधरा वर्षांपर्यंतच्या गाडीला ही दुरुस्ती फुकट मिळते. आमच्या गावात गाडी येते तीच मुळी सहाव्या-सातव्या वर्षी!

आता मामांच्या हायब्रीडकडे वळू. आठ दिवसांत मी जे वाचले त्यावरून एवढे समजले, की हायब्रीड गाड्या तीन तऱ्हेच्या असतात. पहिल्या तऱ्हेत विजेची छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते. दुसऱ्या तऱ्हेत गाडी थोडे अंतर फक्त बॅटरीवर जाते, आणि ती बॅटरी चालता चालता आपोआप भरते. तिसऱ्या तऱ्हेची, म्हणजे प्लग-इन हायब्रीड, घरच्या विजेवर वायर लावून भरता येते. बॅटरी संपली की पेट्रोल असतेच. तिची बॅटरी मोठी असते. ही तिसरी जात आपल्या देशात फार थोडी आणि महागड्या गाड्यांत आहे. पण आज जे मुंबईच्या बंगल्यापुढे आहे, ते उद्या नागपूरच्या दलालाकडे आणि परवा मोर्शीच्या चौकात येणारच आहे. टीव्ही आला, मोबाइल आला, तशीच ही येईल.

मामांना दाखवलेली गाडी पहिल्या तऱ्हेची होती. या तऱ्हेतही काय घडले आहे पाहा. डिसेंबर २०१९ मध्ये मारुती सुझुकीने सियाझ, अर्टिगा आणि एक्सएल ६ यांच्या ६३,४९३ हायब्रीड गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच कंपनीने ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या पाच प्रकारच्या पेट्रोल गाड्या बोलावल्या. संख्या होती १,८१,७५४. दोन्ही वेळा तपासायचा भाग एकच होता, मोटर जनरेटर युनिट, म्हणजे इंजिनाला हातभार लावणारी ती विजेची मोटर. दुसऱ्या वेळी कंपनीने अशीही सूचना दिली, की भाग बदलून होईपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यावरून गाडी नेऊ नये आणि विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नये. कंपनीने हे उघडपणे सांगितले याबद्दल तिला दोष देण्याचे कारण नाही, उलट चांगलेच म्हटले पाहिजे. पण ती सूचना ज्याच्या हाती गेली नाही, असा एखादा तिसरा मालक पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून तीच गाडी काढत असेल, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

प्लग-इनची हकीकत परदेशात आधीच घडून गेली आहे. अमेरिकेत २०११ मध्ये शेवरोले व्होल्ट या गाडीची टकरीची चाचणी झाली, आणि चाचणीनंतर तीन आठवड्यांनी उभ्या जागी तिच्या बॅटरीने पेट घेतला. २०२० मध्ये युरोपात फोर्डने कुगा प्लग-इनच्या सुमारे २०,५०० गाड्या बोलावल्या आणि मालकांना सांगितले, की गाडी चार्ज करूच नका. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूनेही आपल्या प्लग-इन गाड्यांबाबत असेच सांगितले. २०२२ मध्ये क्रायस्लर पॅसिफिका या कुटुंबाच्या गाडीच्या २०१७ व २०१८ सालच्या प्लग-इन गाड्यांना बारा आगी लागल्याचे आढळले, तेव्हा कंपनीने सांगितले, की गाडी घरापासून दूर, उघड्यावर उभी करा. पहिल्या मालकाला हे पत्राने कळते. ज्याने ती बाजारातून घेतली, तो मात्र तिला रात्री घरातल्या विजेला जोडून, पोराबाळांच्या खोलीला लागूनच उभी करून निर्धास्त झोपतो.

इतके दूर तरी कशाला जायचे? २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली, ते चित्र आपण सर्वांनी मोबाइलवर पाहिले. ९ एप्रिलला नाशिकजवळ कंटेनरमधल्या वीस विजेच्या स्कूटर जळाल्या. त्याच एप्रिलमध्ये ओकिनावाने ३,२१५, प्युअर ईव्हीने २,००० आणि ओलाने १,४४१ स्कूटर परत बोलावल्या. पुढे सरकारने बॅटरीच्या चाचणीचे नियम कडक केले, ते १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. पण नियम कडक होण्याआधी विकल्या गेलेल्या स्कूटर कुठे गेल्या? त्या आता जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. त्या स्वस्तात घेणारे आपणच!

यावर माझ्या एका वर्गमित्राने मला विचारले, "एवढी भीती असेल तर जुनी गाडी घेऊच नये. नवी घ्यावी." हे म्हणणे सोपे आहे. ज्याच्या बापाची पाच एकर कोरडवाहू आहे, त्याने नवी गाडी कशी घ्यावी? गरिबाने जुनी वस्तू घेतली म्हणून त्याच्या जिवाची किंमतही जुनी होत नाही. उलट जुन्या गाडीकडेच जास्त लक्ष हवे. ताकाता नावाच्या जपानी कंपनीच्या एअरबॅगचे उदाहरण बोलके आहे. त्यातले फुगवणारे रसायन उष्णतेने आणि दमटपणाने वर्षानुवर्षे बिघडत जाई, आणि मग अपघातात पिशवी फुगण्याऐवजी धातूचे तुकडे माणसाच्या अंगावर उडत. एकट्या अमेरिकेत पावणेसात कोटींच्या आसपास एअरबॅग बोलवाव्या लागल्या. भारतातही जानेवारी २०१७ मध्ये होंडाने २०१२ साली बनलेल्या ४१,५८० गाड्या त्यासाठी बोलावल्या. म्हणजे दोष तोच, पण गाडी जितकी जुनी तितका धोका वाढता. जी गाडी पहिल्या मालकाच्या दारी निरुपद्रवी होती, तीच तिसऱ्याच्या दारी घातक ठरते. वैशाखात वऱ्हाडात उभी असलेली गाडी हाताला चटका देते, आणि आषाढात तीच ओलीचिंब होते, हे का मी सांगायला हवे?

दुसरा आक्षेप असा, की ज्या कंपनीने गाड्या परत बोलावल्या तिचा मालच वाईट, ती टाळावी. मला हे पटत नाही. हजारो सुटे भाग जोडून केलेल्या यंत्रात कधी तरी चूक राहणारच. चूक कबूल करून दुरुस्त करणारा आणि चूक झाकणारा, यांत कोणाशी व्यवहार करावा हे आपल्याला व्यवहारात चांगले कळते. आपण रिकॉलला बदनामी मानू लागलो, तर कंपन्या पुन्हा नॅनोच्या काळासारखा तो शब्द टाळू लागतील.

आता थोडे आपल्या पदरात पाहू. मामांनी गाडी घेतल्यावर वर्षभर ती आपल्या नावावर करून घेतलीच नव्हती. "गाडी चालू हाय ना, मंग काय पायतं?" असे ते म्हणत. कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने तीस दिवसांत बदल कळवायचा असतो. आमच्याकडे कितीतरी गाड्या वर्षानुवर्षे जुन्या मालकाच्याच नावावर फिरतात. एजंटाचे पैसे आणि अमरावतीच्या आरटीओचे हेलपाटे वाचवायचे असतात. मग पत्र आपल्या दारी यावे तरी कसे? सरकारला आणि कंपनीला बोल लावताना ही चूक लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आजही आमचे मामा हे ऐकून मान खाली घालतात, म्हणून हे त्यांच्या परवानगीनेच लिहिले आहे.

माझ्या मते याचा मार्ग आपल्या शेतकऱ्याने आधीच शोधून ठेवला आहे. बोगस बियाण्याने वारंवार ठकल्यानंतर आता तो शहाणा झाला आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलेच नाही, तेव्हा राज्यभरातून तक्रारींचा पाऊस पडला, आणि ज्यांच्याजवळ पिशवी, टॅग आणि पावती होती त्यांच्या तक्रारीला वजन आले. माझे बाबा निरक्षरासारखेच. पण बियाण्याची रिकामी पिशवी पीक घरी येईपर्यंत आढ्याला बांधून ठेवतात. पिशवीवरचा लॉट नंबर म्हणजेच गाडीचा चेसिस नंबर! फरक इतकाच, की पिशवी जपायची सवय आम्हाला लागली आणि हा नंबर तपासायची लागली नाही.

म्हणून मला काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. गाडी एका नावावरून दुसऱ्या नावावर होताना, तिची कोणती दुरुस्ती कंपनीकडे बाकी आहे हे त्याच कागदावर मराठीत छापून यावे. नंबर तर संगणकात असतोच. त्यात एका ओळीची भर घालायला मोठा खर्च येणार नाही. धुराच्या तपासणीसाठी, म्हणजे पीयूसीसाठी, प्रत्येक गाडी ठरावीक मुदतीने कोणाच्या तरी संगणकापुढे उभी राहतेच. तेथेही ही सूचना मिळावी. सात वर्षांची मर्यादा वाढवून नोंदणीइतकी, म्हणजे पंधरा वर्षांची करावी. आणि जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या दलालाने विकण्याआधी ही तपासणी करून लेखी द्यावी. अमेरिकेतही जुनी गाडी विकणाऱ्यावर असे सरसकट बंधन नाही. पण तिथे नाही म्हणून इथे नको, असे थोडेच आहे?

कोणी म्हणेल, हे सगळे दिल्लीत बसलेल्यांना सांग, आम्हाला कशाला? कारण यातला एक भाग आपल्याच हातात आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा कायदा झालेला नव्हता. तो बारा वर्षांनी आला. काम आधी होते, कायदा मागून येतो. आज तर कायदा आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार सांगता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी वर्षातून दोनदा आठवडी बाजारात एक टेबल टाकावे. ज्याच्याजवळ आरसी असेल त्याने यावे, आपण चेसिस नंबर टाकून पाहावा, दोष निघाला तर सर्व्हिस सेंटरचा पत्ता आणि काय मागायचे ते मराठीत लिहून द्यावे. श्रमदानात आपण झाडे लावतो, रस्ते झाडतो; हेही श्रमदानच आहे. इंग्रजीतली एक ओळ वाचून दाखवणे हे आपल्याला क्षुल्लक वाटते, पण ज्याच्या घरात ती ओळ वाचणारे कोणी नाही त्याला तीच ओळ कधी जीव वाचवणारी ठरते. आपण पहिल्या पिढीचे शिकलेले आहोत. आपल्या शिक्षणाचा पहिला उपयोग यापेक्षा वेगळा कोणता असावा?

शेवटी मामांच्या हायब्रीडचे काय झाले ते सांगते. मी दलालाला फोन करून चेसिस नंबर मागितला. तो म्हणाला, "आधी बयाना द्या, मग नंबर." मामांनी फोन माझ्या हातून घेतला आणि म्हणाले, "नंबर देत नसशीन तं गाडी बी नोको." दोन दिवसांनी त्याचाच फोन आला आणि नंबर मिळाला. तो टाकून पाहिला तेव्हा त्या गाडीचाही एक भाग बदलायचा बाकी निघाला. मामांनी एवढेच सांगितले, की आधी तो बदलून आण, कागद दाखव, मग पैशाचे बोलू. दलालाने काय केले ते अजून कळलेले नाही. तोवर मामा जुन्याच गाडीने फिरत आहेत. त्या गाडीचा पंप नवा आहे, आणि आरसीवर नाव मामांचे आहे.

परवा त्यांच्या ओळखीचा एक शेतकरी जुनी मोटारसायकल घेऊन आमच्या दारी आला. त्याच्या हातात आरसी होती. म्हणाला, "तुमच्या पोरीले दाखवा म्हने हे नंबर." मी अंगणातच खाट टाकून बसले आणि नंबर टाकू लागले.